पाषाणहृदयी कार्मोसिना

१९ ऑगस्ट १९०४, नेपल्स

गीत समाप्त! नायक पहिल्या कडव्यात मूर्च्छित, तिसऱ्यात मृत; वर खिडकीत पाषाणहृदयी कार्मोसिना निर्विकारपणे इस्त्री करते आहे. या नगरीला दुसऱ्याच्या प्रेमभंगावाचून अन्न पचत नाही. सप्टेंबरातल्या उत्सवापर्यंत हे यच्चयावत् मूर्खांच्या मुखी असेल.

चाल लावताना दॉन आनिएल्लो वैतागला. "लिबोरिओ, हे नाव चालीत मावत नाही रे! रोझा घाल, रोझा!"

संगीतकारांनी काव्यात नाक खुपसू नये. नाव राहिले.

२७ ऑगस्ट

गल्लीत हातगाडीवरचा पियानो आला — दांडा फिरवला की रडणारा. माझेच गीत! पाववाला गहिवरला. कोळीण मासे तोलता तोलता स्फुंदू लागली. भावना उत्कट, तराजूवरचा अंगठा मात्र स्थितप्रज्ञ.

१ सप्टेंबर

समोरच्या खिडकीतली इस्त्रीवाली आली. माझे सदरे टेबलावर आपटले.

"दॉन लिबोरिओ, मी कुणाचा जीव घेतला?"

"भद्रे, ते काव्य आहे."

"काव्य तुमच्या घरी! अख्ख्या गल्लीत इस्त्रीवाली कार्मोसिना मी एकटीच. साबातिनो म्हणतो, खिडकीखाली कोण मेलं ते आधी सांग, मग लग्नाचं बघू."

ट्रामचालक साबातिनो! ज्याची बुद्धी जन्मात रुळांवरून खाली उतरली नाही, त्यालाही मत्सर होतो म्हणे.

"उत्सवात सगळ्यांदेखत सांगा, असा कुणी नाहीच म्हणून. सांगाल ना?" दारातून वळून म्हणाली, "आणि कॉलर झिजली होती. उलटून शिवलीय."

कोणी सांगितले होते? आगाऊपणा!

८ सप्टेंबर

उत्सव. कागदी कंदील, पिपाण्या, घामट भक्ती. खुर्चीवर आरूढ होऊन मी घोषणा केली — "नागरिकहो! या गीतातील प्रेमिक अस्तित्वातच नाही. 'कार्मोसिना' हे नाव केवळ मात्रांच्या सोयीसाठी योजले आहे."

"म्हणजे आम्ही फुकट रडलो?" कोळीण किंचाळली.

साबातिनोने टोपी काढली. "माफ करा हं. मला वाटलं, खरंच कुणीतरी असेल."

"इतके गाढव कोण असणार?" मी म्हणालो.

सारे खो खो हसले. तीही हसली. दॉन आनिएल्लो तेवढा मॅन्डोलिनच्या तारा पिळीत राहिला. मान वर केली नाही.

११ सप्टेंबर

विवाह निश्चित! साखरेत घोळलेले बदाम तिने स्वतः आणून दिले. "तुमच्यामुळे, दॉन लिबोरिओ!"

दाढ दुखते आहे. खाल्ले नाहीत.

१४ सप्टेंबर

दॉन आनिएल्लो आला. दार लोटून घेतले. मग हळूच — "गाण्याची नवी छपाई निघतेय. आता तरी रोझा घालू या? चालीत चपखल बसेल, लिबोरिओ."

नको, म्हणालो.