अकरा जणांत शेवटचे हळबे

दिल्ली, ९ ऑगस्ट १९८१

ती. बाबांना आणि ती. आईला जयवंताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र पोचून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, आईला सांगा रागावू नको. इथं ऑफिसात नवं काम अंगावर आलंय. तुम्ही विचारलंत की नेमकं काय करतेस, म्हणून नीट सांगते.

शास्त्रज्ञ काही नवं शोधतो आणि मासिकात निबंध छापतो. पुढं दुसरा कुणी त्या विषयावर लिहितो, तेव्हा खाली नोंदवतो की हे मी अमक्याच्या निबंधातून घेतलं. असे सगळे उल्लेख दरसाल अमेरिकेहून येणाऱ्या जाडजूड ग्रंथांत छापलेले असतात. अक्षर इतकं बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. आमच्या साहेबांनी मला अकरा शास्त्रज्ञांची नावं दिली आहेत. कुणी काय काय छापलं आणि जगात कुणाचा उल्लेख किती वेळा झाला, ते मोजून द्यायचं. त्यावरून वरिष्ठांची समिती ठरवणार की कुणाचा विभाग चालू ठेवायचा आणि कुणाचा बंद करायचा.

त्यामुळं याही दिवाळीला येणं होईलसं दिसत नाही. सलग तिसरी दिवाळी. आईला हळूच सांगा. अंगणातल्या सीताफळाला फळं धरली का? इथं हातगाडीवर मिळतात, पण घ्यावीशी वाटत नाहीत.

माया आहे तशी राहू द्या.

तुमची लेक,
जयवंता

•

समुद्रपूर, २१ ऑगस्ट १९८१

चि. जयवंता हिले किसनराव भोयर याचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळं ठीक हाय. कापसाची पराटी गुडघ्याएवढी झाली.

तुहं पत्र तुह्या मायले वाचून दाखवलं. तिनं इचारलं, लोकं कोनाचं नाव किती डाव घेतात हे मोजाचा सरकार पगार देते काय? मी म्हनलं, देते. मंग काल मी बी मोजून पाह्यलं. तुही माय सकाळपासून जेवनाच्या वक्तापर्यंत तुहं नाव सतरा डाव घेते. जयवंताले हे आवडे, जयवंता असती तर ते केलं असतं. तिले सांगतलं तर लाजली.

एक इचारतो. एखाद्यानं सोताच्याच लेखात सोताचंच नाव घेतलं, तर ते बी मोजतेस काय? बजारात आपल्या बैलाची तारीफ आपनच केली तर गिऱ्हाईक हासते.

सीताफळं लय धरली. दिवाळीची सवड नसन तर राहू दे. काम चांगलं करजो. तब्येतीले जपजो. कमी-जास्त लिहिलं असन तर पोटात घेजो.

तुहा बाप,
किसनराव

•

दिल्ली, ४ ऑक्टोबर १९८१

ती. बाबांना आणि आईला सा. न. वि. वि.

तुमच्या बैलाची गोष्ट साहेबांना सांगितली. ते हसले आणि म्हणाले, स्वतःचे स्वतः केलेले उल्लेख वगळा. त्यात एका बड्या माणसाचे एकशे चाळीस गेले! सतराची गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही.

मोजणी संपली, पण मला चैन नाही. अकरा जणांत शेवटचे आलेत डॉ. कृष्णकांत हळबे. पन्नाशी उलटलेले, अबोल गृहस्थ. एकोणीस निबंध आणि अडतीस उल्लेख. पहिल्या आलेल्या डॉक्टरसाहेबांचे चारशे बारा. हळब्यांनी आधी गणितात काम केलं, मग जमिनीतल्या ओलीवर, आणि आता दोन वर्षं कुष्ठरोग गावोगाव कसा पसरतो याचा हिशेब मांडतायत. तीन विषय, म्हणून तिन्हीकडं उपरे. माझा कागद असाच वर गेला तर त्यांची खोली बंद होईल आणि हाताखालचे सहा जण कुठंतरी विखुरतील.

परवा ते स्वतःच आमच्या ग्रंथालयात आले. यादीत त्यांचा एक निबंध राहिला होता, त्याची प्रत ठेवून गेले. बेरीज किती झाली हे विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. मी मोजलं ते चूक नाही, बाबा. तीनदा पडताळलं. तरी काहीतरी चुकतंय.

आई झोपते ना नीट? उत्तर लवकर पाठवा.

जयवंता

•

समुद्रपूर, १५ ऑक्टोबर १९८१

चि. जयवंता हिले अनेक आशीर्वाद.

मले तुह्या इलमातलं कळत नाई, पन त्या हळब्याचं वाचून वाईट वाटलं. एक सांगतो, पटलं तर घे. शेजारच्या लक्ष्मणरावच्या वावरात औंदा एकरी दीड क्विंटल तीळ झाला. आपल्याले मागच्या साली कापूस एकरी चार क्विंटल झालता. वजनानं आपन मोठे. पन गावात बाकीच्याइले तीळ एकच क्विंटल झाला, आन् कापूस सगळ्याइले पाच. मंग सांग, चांगला शेतकरी कोन? तिळाले तिळाशी लावा लागते, कापसाले कापसाशी. एका काट्यावर दोन्ही घालून काय होते?

दुसरं असं, मूंग भादव्यात घरी येते, तूर फागनात. भादव्यात कोनी तुरीच्या वावरात उभं राहून म्हनन का इथं कायीच नाई पिकलं, तर त्याले येडाच म्हना लागन. त्याचं कुष्ठरोगाचं काम नवं हाय म्हनतेस, तर ते बी पाह्यजो.

सिंदी रेल्वे गावाहून तुहा मामा मधुकरराव आलता. वर्ध्याले तो ज्या कॉलेजात हेडक्लार्क हाय, तिथं ग्रंथपालाची जागा मार्चात खाली होनार. तुह्यासाठी शब्द टाकला म्हने. मी काय बोललो नाई. तुले कळावं म्हनून लिहिलं.

मायचा आशीर्वाद. तिचा डोया थोडा दुखून राह्यला, कायजी नको.

किसनराव

•

दिल्ली, २४ जानेवारी १९८२

ती. बाबांना आणि आईला कृ. सा. न. वि. वि.

बाबा, तुमचं पत्र मी सात वेळा वाचलं. मग दोन महिने रोज सकाळी आठला ग्रंथालयात जाऊन बसले. गणितात, मातीत, वैद्यकात एका निबंधाला सरासरी किती उल्लेख मिळतात ते आधी काढलं, आणि किती वर्षांनी मिळतात तेही. गणितात जेमतेम एक मिळतो, वैद्यकात आठ. मग प्रत्येकाला त्याच्या त्याच्या विषयाशी लावून पाहिलं. हळब्यांना सगळे मिळून पंचवीस मिळायला हवे होते, मिळाले अडतीस. पहिल्या डॉक्टरांना चारशे ऐंशी हवे होते, मिळाले चारशे बारा. हळबे तिसरे आले!

समितीपुढं साहेबांनी मलाच उभं केलं. एकानं विचारलं की ही रीत कुठल्या ग्रंथात आहे. मी म्हटलं, वडिलांनी सुचवली. त्यावर त्यांनी विचारलं, वडिलांचा विषय कोणता? मी सांगितलं, कापूस, तूर आणि थोडी ज्वारी. अध्यक्ष मोठ्यानं हसले आणि म्हणाले, कागद ठेवून जा. आठ दिवसांनी कळलं, हळब्यांचा विभाग राहिला. ते मला भेटायला आले. टेबलावर संत्र्यांची पिशवी ठेवली आणि गेले. नागपुरी संत्री होती, बाबा. एक सोललं आणि वास घेत बसले.

आता खरं सांगायचं ते. साहेब म्हणतात, देशातल्या सगळ्या संस्थांची अशी मोजणी करायची आहे, आणखी तीन वर्षं इथंच राहा, हुद्दा वाढेल. वर्ध्याच्या जागेचंही डोक्यात आहे. पुढच्या महिन्याच्या, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी दोन्हीकडं कळवायला हवं. काय करू? तुम्ही सांगाल ते करीन.

जयवंता

•

समुद्रपूर, २ फेब्रुवारी १९८२

चि. जयवंता हिले अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून छाती फुगली. पारावर चार मानसाइले वाचून दाखवलं. तू दिल्लीलेच राहा. असं काम सगळ्याइच्या नशिबी येत नाई. तीन वर्षं म्हनजे काय, पाहता पाहता निंघून जातीन. वर्ध्याले जाऊन मधुकररावले नाई म्हनून सांगून आलो, त्यानं दुसरा मानूस पाह्यला. आमची कायजी करू नको. तुह्या मायचा डोया बरा हाय. वावर चांगलं हाय. मन लावून काम करजो.

पाटबंधारे खात्याचा बाबू हिंगनघाटले चालला, त्याच्याच हाती हे पत्र पेटीत टाकाले देतो.

तुहा बाप,
किसनराव

•

समुद्रपूर, ३ फेब्रुवारी १९८२
(पोस्टकार्ड)

जयवंता, कालच्या पत्रात खोटं लिहिलं. वर्ध्याले गेलतो, हे खरं. कॉलेजच्या फाटकासमोर दोन कप चहा पेलो आन् मधुकररावले न भेटता मोटारीनं वापस आलो. जागा हायच. मायचा एक डोया आता अंधुक झाला, डाक्टरनं आपरेशन सांगतलं, ती तुले कळवू देत नाई. पन म्हनून नाई लिहून राह्यलो. आपरेशन तर तुह्याबिगर बी होईन. मलेच करमत नाई. येजो. – बाबा

•

दिल्ली, १२ फेब्रुवारी १९८२

ती. बाबांना आणि ती. आईला शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड मंगळवारी आलं. हिंगणघाटवाल्या बाबूंनी पत्र खिशातच ठेवलं असावं, ते आलं गुरुवारी. तोवर मी साहेबांना सांगून टाकलं होतं. त्यामुळं पत्र वाचताना मला कळत होतं की ते कसं लिहिलं गेलं असेल. त्यात ओळी सरळ आहेत, कार्डावर सगळ्या उताराला लागल्यात.

साहेब नाराज झाले. म्हणाले, शिकवलेलं वाया घालवतेस. मी म्हटलं, वाया कसं? सगळी रीत सव्वीस पानांत लिहून ठेवली आहे, ज्याला वाचता येतं तो मोजू शकेल. पण ते ग्रंथ शेवटचे कपाटात लावताना मला खूप रडू आलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. हे काम मला आवडत होतं. अजून आवडतं. वर्ध्याला असे ग्रंथ नाहीत आणि येणारही नाहीत.

तरी मी येतेय, आणि आईच्या डोळ्यासाठी नाही, तुमच्यावर उपकार म्हणूनही नाही. या कार्डाआधी तीन वर्षांत तुमची एकतीस पत्रं आली. प्रत्येकात काम चांगलं करजो, तब्येतीले जपजो. मी दर वेळी पत्र शेवटापर्यंत वाचायची, मग मागची बाजू पाहायची. 'ये' असं एकदासुद्धा नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला नको असेल. तुम्हाला वाटलं, मला नको असेल.

मामांना तार केली आहे, अर्ज त्यांच्याकडं पोचेल. २७ तारखेच्या जी.टी. गाडीचं तिकीट मिळालंय, २८ ला वर्धा ईस्टला उतरेन. सोबत एक ट्रंक, एक वळकटी. स्टेशनवर येऊ नका म्हटलं तरी येणारच, तर आईला घेऊन या.

या पत्राला उत्तर पाठवायची घाई करू नका. ते पोचेपर्यंत मी घरी असेन.

जयवंता