म्हसोबाची वाट आणि वडगावची तारीख

वकील नको, वकील नको, हे तुमचं पालुपद आता पुरं करा, दत्तोबामामा. फोनवर मी वकील म्हटलं की तुमी फोन मामीच्या हातात देता, आन मामी विचारते, "जेवलास का?" मी जेवलो. रोज जेवतोय. त्यानं केस मिटत न्हाई. म्हणून आता कागदावर लिहितो, कागद मामीकडं देऊन गोठ्यात पळता येत न्हाई. (राग आधी लिवला आन नमस्कार मागनं, तेवढं पोटात घाला. तुमच्या आन विठाबाईमामीच्या पायांवर डोकं ठेवतो. गुडघा कसा हाय? तेल लावता का? सगळा घोटाळा त्या गुडघ्यानंच केलाय. कोमल, तू आबांना वाचून दाखवत असशील तर कंसातलं पण वाच, गाळू नको.)

हितं कच्छात माझं बरं चाललंय. पाण्याचा टँकर भरायचा, मिठागरावर रिकामा करायचा, परत भरायचा. झाड न्हाई, डोंगर न्हाई, जिकडं बघावं तिकडं पांढरं. मुकादम माणूस वाईट न्हाई, पण सुट्टी म्हटलं की त्याला ऐकू येत न्हाई. जत्रंला मागितली, न्हाई म्हणाला. कोमलच्या सुपारीला मागितली, तर म्हणाला की घरात मयत न्हाईतर कोर्टाची तारीख, दोनच गोष्टींना सुट्टी.

अशात मोबाईलवर पोलिसांचा निरोप आला. मला वाटलं, टँकरचं काहीतरी असंल. उघडतो तर फोटो, आन फोटोत तुमी! माझ्या मोटारसायकलवर, एक्सप्रेस वेवर, तेबी उलट्या बाजूनं. मागं मामी, डोक्यावर नैवेद्याची पाटी, पदर दातात धरलेला. गाडी माझ्या नावावर, म्हणून केस माझ्यावर. धोकादायक गाडी चालवली, वडगावच्या कोर्टात या, लायसनचं काय करायचं ते तितं ठरंल.

मला ठावं हाय तुमी काय म्हणणार. म्हसोबाचा आखाडातला नैवेद्य जुन्याच वाटेनं जायचा, आन पाटी मधी कुटं टेकायची न्हाई, ही आपल्या घराची रीत. त्या वाटेचा मधला तुकडा रस्त्यानं गिळला, त्याला म्हसोबा काय करणार? तवापास्नं तुमी दर आखाडात तेवढा तुकडा रस्त्याच्या कडंनं चालत जाता, आन गेल्या साली गुडघा धरला म्हणून माझी गाडी काढली. कोमलनं फोनवर विचारलं, "आबा, उलटं कशाला गेला?" तर तुमी म्हणालात, "मी सरळच गेलतो. समोरच्या गाड्या उलट्या येत व्हत्या."

मामा, मी हसलो, खोटं कशाला बोलू. पण मी दिवसभर स्टेअरिंगवर असतो. समोरून असं कुणी आलं तर बिरेक लागेपर्यंत टँकर किती पुढं जातो, ते मला ठावं हाय.

तर वकिलाचं. आपल्या माधवराव गुरुजींचा श्रीयश आता तळेगावात वकिली करतो. त्याला फोन लावला. (गुरुजींनी मला सातवीपर्यंत ढकलत नेला, पुढं मीच थांबलो. श्रीयश फोनवर 'अहो संदेश' म्हणाला. मागं वळून बघितलं, कुणी न्हाई, मलाच म्हणत व्हता.) त्याला म्हटलं, गाडी मीच चालवत व्हतो असं सांगू का? तो म्हणाला, "फोटोत पांढऱ्या मिशा आणि टोपी आहे." बरं, खरं सांगावं, तर तुमच्याकडं लायसन न्हाई, म्हणजे तुमी पण अडकला आन गाडी दिली म्हणून मी पण. श्रीयश म्हणाला, "तुम्ही तिकडेच राहा, मी कोर्टात उभा राहतो, जमेल तेवढं दंडावर मिटवतो. वकील नाही दिलात तर तुम्हाला स्वतः यावं लागेल." आता ह्यात 'नको' म्हणण्यासारखं काय हाय? तुमी म्हणता, मी स्वतः जजसाहेबाला वाट समजावून सांगतो. मामा, तुमी सुरुवात करणार आज्याच्या आज्यापास्नं, आन साहेब दुपारच्या जेवणाला मुकणार.

लायसन म्हणजे माझं पोट. तवा वकील करा, हे माझं शेवटचं सांगणं.

फोटो मात्र मी अजून पुसला न्हाई. बोटानं मोठा केला की तुमच्या मागं डोंगर दिसतो, खाली आपलं भाताचं खाचर, आन कोपऱ्यात म्हसोबाचा उंबर. लहानपणी पाटी तुमच्या डोक्यावर आन पाण्याचा तांब्या माझ्या हातात. तांब्या हिंदकळला की तुमी मागं न बघता म्हणायचात, "पायाकडं बघ, संद्या, देवाकडं मी बघतो." आपल्या गावाचा, औंढ्याचा, असा फोटो माझ्याकडं दुसरा न्हाई. हितली पोरं विचारतात, हे कोण? मी सांगतो, मामा-मामी, देवाला निघालेत.

तुमचा भाचा,
संदेश

ता. क. कोर्टाची तारीख आखाडातलीच हाय. या साली गाडीला हात लावू नका, चावी कोमलकडं द्या. रस्त्याखालची मोरी जुन्या वाटेच्या बरोबर खालनं जाते. म्हणजे वाट तीच, नुसती खालच्या मजल्यावर. म्हसोबाला चाललं पायजे. पाणी मांडीपर्यंत असतं, तुमच्या गुडघ्याचं काम न्हाई. पाटी डोक्यावर घ्यायला जवान माणूस लागंल.

आणखी एक ता. क. (कोमल, हे हळू वाच.) मामा, वकील करू नका. वकील केला तर मला यावं लागणार न्हाई. कोर्टाचा कागद मुकादमाला दाखवला, त्यानं दोनदा वाचला आन सुट्टीवर सही केली. साहेबापुढं मी खरं तेच सांगीन. दंड म्हणाले तर भरीन, लायसन काही महिने अडकवलं तर लावणीला तुमाला एक माणूस वाढला. तांब्या आता तुमी धरा, मोरीपर्यंत. श्रीयशच्या फीचे पैसे पाठवत न्हाई. पोळ्यांची डाळ, गूळ आन नारळ यांसाठी मामीच्या नावानं पाठवतोय, रुपये सातशे.