बाहेरच्या लाईनवरचं पाणी

बदनापूर,
सोमवार

प्रिय वंदना,

सप्रेम जयभीम. पाकीट हातात घेतल्यावर आधी चिकटपट्टी बघ. तिच्यावर मी दोन ठिकाणी सही केली आहे. सही तुटलेली असेल तर केदारने वाटेत पत्र उघडलं असं समज. मुलगा चांगला आहे, बँकेत आहे, आमच्या रानातल्या गाड्यांच्या शर्यतीच्या समितीचा सचिव आहे, पण दुसऱ्याची पत्रं उघडायला चांगल्या मुलांनाच सुचतं असा माझा अनुभव आहे. माझा नंबर तू फोनवर बंद करून ठेवला आहेस आणि जुन्या जालन्यात तुझ्या दारात येऊन उभं राहायची माझी हिंमत नाही, म्हणून त्याच्या हाती देते आहे. रविवारी फायनल आहे. त्याच्या आत तुझं हे वाचून व्हायला हवं, कारण यंदाच्या ड्रायव्हरांच्या यादीत तुझ्या सुमितचं नाव आहे.

केदार आला होता तो इतिहास विचारायला. स्पर्धेचं हे विसावं वर्ष, म्हणून समिती स्मरणिका काढते आहे. त्याने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला तेव्हाच मी ओळखलं की रेकॉर्डिंग चालू आहे. मग मीही सावकाश, शुद्ध बोलले. सांगितलं की तूर निघाल्यावर आमचं रान मोकळं होतं, आणि माझा भाऊ संपत अन् स्टेशनवरचा आणखी एक टॅक्सीवाला, कुणाची ॲम्बॅसिडर जोरात पळते यावरून भांडत आमच्या दारात आले. आमच्या मालकांनी वैतागून दोघांना रानात सोडलं. पाच चकरा. संपत जिंकला आणि रानाची वाट लागली. पुढच्या वर्षी जालन्याच्या अकरा गाड्या आल्या, मग मुरूम टाकून गोल ट्रॅक झाला, मग नांदेड, कोल्हापूर, इंदूर, कोइमतूर. चौथ्या वर्षी फलकावर ‘राष्ट्रीय अजिंक्यपद’ असं लिहून आलं. राष्ट्रीय कुणी ठरवलं हे मी तेव्हाच विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. नियम मात्र पक्के होते. चार दारांची साधी सेडान गाडी, दारं वेल्डिंग करून बंद, काचा काढलेल्या, आणि पहिल्या तीन गाड्यांची इंजिनं सगळ्यांसमोर खोलून बघायची. एकमेकांवर कुणाचा काडीचा भरवसा नव्हता, म्हणूनच ही स्पर्धा वीस वर्षं टिकली असं मला वाटतं.

चहा संपल्यावर केदार हळूच म्हणाला, “काकू, नवव्या वर्षी बाहेरच्या लाईनवर पाणी जास्त पडल्तं म्हणतेत. खरं हाय का?” हा प्रश्न त्याचा नव्हता. तो तू पाठवलास की साहेबरावने, यावर मी दोन दिवस डोकं चालवते आहे. माझा स्वभावच असा, तुला नवं नाही. लग्न होऊन आल्यावर तू पहिल्यांदा डाळ केलीस तेव्हा मीठ घातलं का म्हणून मी दोनदा विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदा स्वतः चाखून बघितलं होतं. त्यावरून तू आठवडाभर मला ‘सीआयडी आक्का’ म्हणायचीस. ते नाव मला आवडायचं, हे कधी सांगितलं नाही.

त्या वर्षाचं तुला जे माहीत आहे ते आधी लिहिते, म्हणजे मी काही चोरते आहे असं वाटायला नको. मालक गेल्यापासून ट्रॅकवर पाणी मीच मारते. दोन शर्यतींच्या मध्ये ट्रॅक्टरला टँकर लावायचा आणि मुरूम दबेल, धूळ बसेल इतकंच पाणी सोडायचं. पाणी कुठे किती पडतं त्यावर शर्यत फिरते, हे ड्रायव्हर लोकांना बराबर कळतं. आतली लाईन जवळची, पण तिथे वळणावर ब्रेक मारावा लागतो. बाहेरची लाईन लांबची, पण दगडी बांधाला खेटून तिथे गाडी सुसाट सोडता येते. संपत कायम बाहेरून जायचा. केदारखेड्याचा साहेबराव, माझा चुलत दीर, कायम आतून. त्या फायनलच्या आधी मी टँकर बाहेरच्या लाईनवरून दोनदा फिरवला. बाहेर चिखल झाला, सगळ्या गाड्या आत आल्या, वेग पडला, आणि एकोणिसाव्या चकरेला संपतची गाडी हळूहळू घसरत मधल्या मोकळ्या रानात जाऊन उभी राहिली. साहेबराव राष्ट्रीय अजिंक्य झाला. तू दोरीपाशी उभी होतीस. “आक्का, सख्ख्या भावापरीस दीर जवळचा झाला का?” एवढंच म्हणालीस आणि सुमितला ओढत घेऊन गेलीस.

वंदना, तुझा संशय खरा होता. मी पाणी मुद्दाम मारलं. अकरा वर्षं सगळ्यांना नाही म्हटलं, आज सहीनिशी लिहून देते. पण साहेबरावसाठी मारलं नाही.

फायनलच्या पंधरा दिवस आधी संपत सरावाला आला होता. मी बांधावर तुरीच्या काड्या गोळा करत होते. लांबच्या वळणावर त्याची गाडी थांबली. मला वाटलं बंद पडली, म्हणून गेले. इंजिन चालू होतं. संपत स्टिअरिंगवर हात टाकून समोर बघत होता, डोळे उघडे. मी दोन हाका मारल्या, तिसऱ्यांदा खांदा हलवला, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाला, “काही न्हाई आक्का, पेट्रोलमध्ये कचरा आल्ता.” चालू इंजिनात कचरा कसा येतो ते मी विचारलं. मग तो चिडला. आमचे आप्पा, तुझे सासरे, असेच बसल्या बसल्या गप्प व्हायचे. घरातले म्हणायचे, ऊन लागलं. पंचेचाळीस वर्षंही पुरी न करता ते बाजारच्या रस्त्यावर ज्वारीच्या पोत्यावर बसले ते उठलेच नाहीत. मी हे बोलून दाखवल्यावर संपतने मला सुमितची शपथ घातली की वंदनाला कळता कामा नये. शपथा मी मानत नाही, पण लेकराच्या नावापुढे माझी जीभ उचलेना. फायनलच्या दिवशी तो बांधाला खेटून जाणार, तिथेच त्याचे डोळे तसे झाले तर काय होईल, हे मला दिसत होतं. शर्यतीत गाडी उतरवू नको म्हणून त्याच्या पाया पडले, तो ऐकेना. माझ्या हातात टँकरचा कॉक होता, तो मी सोडला. गाडी घसरली असं सगळे म्हणाले. मी ट्रॅक्टरवर उंच बसले होते. गाडी वळायच्या आधी त्याचे हात स्टिअरिंगवरून खाली पडलेले मी बघितले. बाहेर असता तर बांधावर गेला असता.

इथवर मी फार शहाणी दिसते. पुढचं वाच. ट्रॅकवर पाणी मारायची अक्कल मला होती, तुला सांगायची नव्हती. नंतर तो सात वर्षं टॅक्सी चालवत राहिला. डॉक्टरला दाखवलं म्हणाला. चिठ्ठी दाखव म्हटलं तर हरवली म्हणाला. आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला आणि नेमका तिथे विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. तो दुपारी जेवून आडवा झाला आणि गेला, तेव्हा तू दारात मला अडवून म्हणालीस, तुमच्या त्या पाण्यानंच मारलं माझ्या माणसाला, हार मनाला लावून घेतली त्यानं. मी तिथूनच परतले. भावाचं तोंडही बघितलं नाही. तुझ्यावर राग नव्हता. मी आत आले असते तर बोलून बसले असते, याची मला भीती वाटली. त्याचं आज मला फार वाईट वाटतं.

परवा सरावाला सुमित आला. मला वाटलं तोंड फिरवून जाईल, पण सरळ घरात आला आणि “आत्या, पाणी दे” म्हणाला. अकरा वर्षांनी. मी पेला दिला. दोन घोट प्यायला, मग पेला हातातून सुटला आणि तो भिंतीकडे बघत राहिला. मी आठपर्यंत मोजलं. मग खाली सांडलेलं पाणी बघून हसला, म्हणाला, झोप झाली न्हाई आत्या, मम्मीला नको सांगू. वडलांचं राहिलेलं बक्षीस त्याने आणावं अशी तुझी इच्छा आहे, असंही म्हणाला. म्हणून हे पत्र. रविवारी मी पाणी दोन्ही लाईनींवर सारखंच मारणार आहे, पाणी इकडचं तिकडे करून कुणी वाचत नाही हे मला कळलं आहे. त्याला उद्याच्या उद्या संभाजीनगरला हृदयाच्या डॉक्टरकडे घेऊन जा आणि आजोबांचं, वडलांचं सगळं सांग. माझ्या शब्दावर तू का विश्वास ठेवावास, म्हणून केदारला आज पुन्हा बोलावून, मोबाईल सुलटा ठेवायला लावून सांगितलं आहे की नवव्या वर्षाच्या पानावर छाप, प्रभावतीने पाणी मुद्दाम मारलं, शर्यत खरी झाली नाही. साहेबराव आणि सासरचे माझं काय करायचं ते करतील. तू माझ्यावर अकरा वर्षं संशय घेतलास, एक दिवसही सोडला नाहीस. आता तेवढाच सुमितवर घे. काही न्हाई मम्मी, असं तो हसून म्हणेल, तेव्हा बिलकुल ऐकू नको.

तुझीच,
आक्का