डायरेक्टरचे चौदा दिवस

४ मार्च

डायरेक्टरच्या ढुंगणावर पुन्हा गळू! हिवाळ्यापासून तिसऱ्यांदा, आणि त्याच जागी. डायरेक्टर म्हणजे तळमजल्यावरच्या बुरुल आपांचा बोका. आपांनी बिश्केकच्या ट्रॉलीबसवर तीस वर्षं तिकिटं फाडली. डेपोच्या डायरेक्टरवरचा सगळा राग त्यांनी बोक्याचं नाव ठेवून काढला. रोज सकाळी खिडकीतून ओरडतात — "डायरेक्टर, कुठे घाण करून आलास?"

आज पहिलं इंजेक्शन दिलं. आमच्या आवारात टोचायचं काम माझ्याकडे. आज्या, पोरं, कुत्री, मांजरं — सगळी. नर्सिंगची शाळा दुसऱ्या वर्षी सुटली, पण टोचायचं तेवढं शिकून झालं होतं. दिवसा शिलाईच्या कारखान्यात बटणं लावतो, संध्याकाळी टोचतो. आधी हात दोनदा धुतो. सुई कधीच पुन्हा वापरत नाही. नियम एकच : तीन टोचायची, सूज उतरली की थांबायचं, उरलेल्या कुप्या बिस्किटांच्या डब्यात. तो डबा सगळ्या आवाराचा. काही वाया जात नाही.

"तुझ्या हाताला गुण आहे, एल्चिबेक," आपा म्हणाल्या.

डायरेक्टरने माझा अंगठा फोडला.

७ मार्च

तीन झाली. सूज तशीच! उलट वास यायला लागलाय. कुपीवरची तारीख पाहिली — ठीक. माप — ठीक. असं कधी झालं नव्हतं.

आपा : "हात आंबला की काय रे तुझा?"

बाकावर डोमिनो मांडून बसलेले गेनाकाका : "त्याचं लग्न लावा आधी. बिनलग्नाच्या माणसाचं इंजेक्शन लागू पडत नाही."

अख्खं बाक हसलं. मीही हसलो. 

८ मार्च

महिला दिनाची सुट्टी. प्राण्यांचा दवाखाना बंद. डायरेक्टरने मासा हुंगला आणि तोंड फिरवलं. डायरेक्टरने — मासा!

९ मार्च

दवाखान्यातल्या डॉक्टर केन्जे वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण बोलतात मुख्याध्यापिकेसारख्या. काडीच्या कापसावर पू घेतला.

"किती टोचलीत?"

"तीन."

"आणि मागच्या वेळी?"

"तीन. त्याआधीही तीन. मी सगळं लिहून ठेवतो." वही पुढे केली. वाटलं, कौतुक करतील.

त्यांनी पानं उलटली. अगदी शेवटपर्यंत. सगळं आवार होतं त्यात.

"अक्षर सुंदर आहे," म्हणाल्या. कापसाची काडी नळीत बंद केली आणि तीन दिवसांनी बोलावलं.

१२ मार्च

आज ती बशी पाहिली. काचेची, तळाला गोठलेल्या पेजेसारखा थर. त्यावर डायरेक्टरचे जंतू पेरलेले आणि औषधात भिजवलेल्या सात कागदी टिकल्या ठेवलेल्या. औषध चालत असेल तर टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. सहा टिकल्यांना रिंगण नाही! मेंढ्या खुंट्यापर्यंत गवत साफ करतात, तसे जंतू थेट टिकलीला भिडलेले. माझी नेहमीची कुपी म्हणजे पहिलीच टिकली. रिंगण फक्त सातवीला.

"अर्धवट मारलं की चिवट तेवढे उरतात," डॉक्टर म्हणाल्या. "मग तेच वाढतात. तुम्ही दर खेपेला चिवट निवडत होतात. नीट, वहीत लिहून."

कान तापले.

सातवं औषध रोज एक, चौदा दिवस. जखम भरली तरी चौदा. मध्येच सोडलं तर हेही हातचं जाईल. मग पू हाडात उतरेल, आणि डायरेक्टर जाईल. आठवी टिकली नाही.

औषधाचं नाव एकेक अक्षर पडताळून दोनदा लिहून घेतलं. डबा त्यांच्या स्वाधीन केला. आवारात सांगितलं, उंदरांनी लेबलं खाल्ली. कुणालाच नवल वाटलं नाही.

१७ मार्च

पाचवं. सूज गेली, जखम सुकली. डायरेक्टर आज गेनाकाकांच्या मांडलेल्या डोमिनोंवरून मुद्दाम चालत गेला, म्हणजे प्रकृती उत्तम.

आपा : "झालं. पुरे. बाकीचं ठेवून दे."

"आपा, अजून नऊ राहिलीत."

"बऱ्या झालेल्याला कुणी टोचतं? पोट भरल्यावर घास कोंबतोस का तू?"

"आत जंतू असतात अजून—"

"कालपर्यंत तीन पुरत होती, आता चौदा! ती डॉक्टरीण दिसायला बरी आहे वाटतं?"

दार धाडकन बंद.

तीन पुरतात हे सगळ्यांना मीच तर शिकवलंय.

१८ मार्च

सहावं. धुरावलेला मासा, तळमजल्याची खिडकी, टॉवेलात डायरेक्टर. चोरी ती चोरीच. सुई मात्र नवी.

१९ मार्च

सातवं. आज सरळ खोटं बोललो — नगरपालिका मांजरं मोजतेय म्हणून. कारखान्यातली मोजपट्टी घेऊन गेलो. आपा चहा आणायला आत वळल्या, तेवढ्यात काम उरकलं. डायरेक्टर किंचाळला.

"काय झालं?" आतून.

"शेपूट मोजतोय, आपा!"

"किती भरलं?"

"अठ्ठावीस!"

"तीस लिही. तीस वर्षांशिवाय पेन्शन देत नाहीत मेले."

२० मार्च

आठवं. गेनाकाकांना कटात घेतलं. त्यांनी आपांच्या पुढच्या खिडकीखाली उभं राहून जाहीर केलं की ट्रॉलीबसच्या कंडक्टरणी झाडून सगळ्या चिल्लरचोर! आपा वीस मिनिटं उत्तर देत होत्या. मागच्या खिडकीत माझं काम अर्ध्या मिनिटात झालं. उरलेला वेळ मी ऐकत बसलो. बरेच शब्द मला नवीन होते.

गेनाकाका नंतर घाम पुसत म्हणाले, "उद्यापासून तूच चोर म्हण तिला. मला अजून जगायचंय."

२१ मार्च

नोरूझ, वसंताचं नववर्ष. आवारात कढई चढलेली, सगळे गोळा. डायरेक्टर माझ्या कोटात. नववं टेबलाखाली.

आपांनी माझ्या ताटलीत गरम तळलेले बोर्सोक वाढले. "एल्चिबेक, तुझ्या कोटाला शेपूट फुटलंय."

"फॅशन आहे, आपा."

"असं होय? गुरगुरतंयसुद्धा." आणि पुढच्या ताटलीकडे गेल्या.

मी कोटाचं वरचं बटण लावलं.

२३ मार्च

अकरावं. ओरखडे आजवर सतरा.

२४ मार्च

खिडक्या बंद! दार बंद! कारखान्यातून पोट दुखतंय सांगून निघालो. तीनपासून आवारात घिरट्या, औषध खिशात. चार वाजले. पाच. डोळ्यांपुढे ती बशी — सातव्या टिकलीचं रिंगण आकसत चाललेलं. शेवटी ठरवलं, दार ठोठावायचं, सगळं कबूल करायचं, मारतील तर मारू देत. दोन पायऱ्या चढलो, तोच दार किलकिलं झालं. कुणी पायाने ढकलावा तसा डायरेक्टर बाहेर आला. दार लागलं.

नशीब! बारावं.

२६ मार्च

चौदावं! वहीत पहिल्यांदाच तीनपुढचा आकडा.

४ एप्रिल

डायरेक्टरला पिशवीतून नेऊन पुन्हा तपासलं होतं — जखमेची जागा, कातडी, नाक. आज बशा पाहिल्या. ते जंतू कुठेच उगवले नाहीत! डॉक्टर केन्जे हसल्या. हसल्यावर मुख्याध्यापिका वाटत नाहीत.

धावत आवारात आलो आपांना सांगायला. दारात आठवलं — त्यांना तर यातलं काहीच माहीत नाही! परत फिरलो.

५ एप्रिल

आपा कठडा धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत आल्या. मागोमाग डायरेक्टर. "मेले का रे त्याच्यातले? सगळे? चौदा झाल्यावर?" मी हो म्हटलं. त्या खुर्चीत बसल्या आणि मोजा खाली केला. नडगीवर खड्डा. तोच वास! "हिवाळ्यात खोकला सांगून तुझ्याकडून तीन-तीन दोनदा टोचून घेतली, ती याच्यासाठी. इस्पितळात पाय कापतील म्हणून गप्प होते. तू चोरून टोचतोयस ते दिसलं, म्हटलं, आधी बोक्यावर बघू. आता माझे चौदा मोज."

सुईला हात लावला नाही. म्हटलं, "आधी तुमची बशी, आपा." इस्पितळासाठी टॅक्सी बोलावली. ती येईपर्यंत डायरेक्टर चारदा त्यांच्या मांडीवर चढायला आला. चारही वेळा "तुला परत लागेल," म्हणत त्यांनी त्याला हळूच दूर सारलं.