लॅपटॉपपुढचा नारळ

घोडपदेव, मुंबई
१२ जानेवारी २०२४

लवूदादा,

नमस्कार. बोटीवर मजेत असशील असं धरून चालते. इथे आम्ही बऱ्या आहोत, मी आणि आई. तुझ्या बोटीवर चढायला पेडणेकर उद्या केपटाऊनला निघतोय, त्याच्या हाती हे देतेय. हाताने लिहितेय कारण लॅपटॉप मेला. डोकं फिरलंय माझं!

माझं काम तुला माहीत आहे ना? उपग्रहाचं रडार ढगांतून, अंधारातूनही ध्रुवाकडच्या समुद्राचे फोटो काढतं. त्यात बर्फ कुठे, पाणी कुठे, हे मशीनने ओळखायचं. ओळखतंय डोंबल! वाऱ्याने पाणी खवळलं की रडारच्या फोटोत तेही बर्फासारखंच पांढरं दिसतं, आणि हे शहाणं 'बर्फ' म्हणून मोकळं. मग मी बसायचं एकेक फोटो दुरुस्त करून त्याला पुन्हा शिकवत. पहिलीतली पोरं परवडली.

तुमची बोट दक्षिण ध्रुवाकडे जाणार, त्याच वाटेचा फोटो मी परवा उघडला होता. आई भाकरी थापता थापता डोकावली. "ह्यो सगळो बरफ?" मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "हो, मशीन म्हणतंय बर्फ." मशीन चुकलंय, हे सांगायचं राहूनच गेलं. ती चुलीकडे, म्हणजे गॅसकडे, परत गेली.

सकाळी बघते तर लॅपटॉपपुढे हळदकुंकू, नारळ, आणि आई हात जोडून गाऱ्हाणं घालतेय! वर नारळ तिथेच फोडला. पाणी थेट कीबोर्डमध्ये. मी तिला काय काय बोलले, विचारू नकोस.

तूही कमी नाहीस. संपात बाबांची गिरणी सुटली तरी तिने ही खोली धरून ठेवली, आणि तू म्हणे विकून टाक! ती रागाने म्हणाली, "तोंड दाखवू नको," तर तू वर्षभर तिला फोनच केला नाहीस. तिनेही घरात तुझं नाव काढायला बंदी केलीय. दोघांच्या मध्ये माझं भरीत.

खरं सांगू? नारळ फुटण्याआधी मी तिला थांबवू शकले असते. दारातच उभी होते. पण ती म्हणाली, "बा देवा म्हाराजा, ह्या यंत्राक शानपण दी. माझ्या लवूच्या वाटेतलो बरफ बाजूक कर रे म्हाराजा!" माझ्या लवूच्या, म्हणाली. पेडणेकरकडून तुझी वाट विचारून घेतली होती तिने, मग मी कशी थांबवणार? गाऱ्हाण्याला होकाराची साथ द्यायला घरात दुसरं आहे कोण? मीच रडत म्हटलं, "व्हय म्हाराजा."

तिथे बर्फ नाही रे, नुसता वारा आहे. फोन कर. मला नको, तिला.

व्हय म्हण आता तरी.

तुझी,
शांती