एक गोळी खायले घरी या

प्रिय रीता,

हे पाकीट तुले सरिताताईच्या हातून भेटलं असंल. घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर पोस्टमननं ते भाऊसिंगच्या टपरीवर बाच्या हातात दिलं असतं, अन् बानं कोणाले तरी धरून चार लोकांत वाचून घेतलं असतं. मेडशीत दवाखान्याची आशाताई सरिताबाई म्हटलं की पत्र बरोबर पोचते, म्हणून तिच्या नावानं टाकलं. फोनचं तर तुले माहीतच आहे. तिकडं तुमी फोन अंगणात खाटेवर ठेवून स्पीकरवर लावता, अन् इकडं खोलीत आमी सहा जण. माझा वाजला की बाकीचे पाच जण जेवण थांबवून ऐकतात. जे मले लिहायचं आहे ते तशा फोनवर बोलता येत नाही. माझं अक्षर कसं आहे हे तू पाह्यलं आहे. पाचवीतून उठलो तो उठलोच. जिथं लागत नाही तिथं अंदाजानं वाच.

पोळा झाल्यावर तू म्हणाली होती, एकदा घरी या, एक गोळी खायची आहे, खाऊन लगेच परत जा. मले हसू आलं. मोरबीवरून मेडशीले यायचं, रेल्वे बदलायची, वरून एसटी, अन् कायले, तर एक गोळी गिळाले. म्हटलं पाठवून दे, इथं गिळतो. तू म्हणाली नाही, सरिताताईच्या समोरच खावं लागते, घरातल्या सगळ्यांनी खाल्ली, तुमीच राह्यले. कशाची गोळी म्हटलं तर तब्येतीची. अन् मागून याडीचा आवाज आला, सासू सुनेले दटावते तसा, जास्त नको बोलू. आता तूच सांग, माझ्या तब्येतीले काय झालं होतं? इथं भट्टीतून निघालेल्या गरम टाइला सगळे हातमोजे घालून उचलतात, मी उघड्या हातानं उचलतो. मुकादम मले लोखंड्या म्हणते, नवीन पोरं आले की माझा हात दाखवते. असा माणूस कशाची गोळी खाईन?

तेव्हापासून डोक्यात किडा घुसला. काम हाताचं, डोकं रिकामं, तर मी दिवसभर तुमचं एकेक बोलणं जोडत राह्यलो. बा फोनवर काहून येत नाही? विचारलं की कधी तुरीत गेले, कधी टपरीवर गेले, कधी झोपले. जो माणूस फोनची बॅटरी उतरेपर्यंत बैलाच्या खुराचं सांगत राहायचा, तो एकाएकी एवढा झोपाळू कसा झाला? तुझा आवाजही बदलला होता. पयले तू माझ्यावर चिडायची, आता हो हो म्हणत होती.

मग त्या दिवशी तू व्हिडिओवर बकरीचं नवीन पिल्लू दाखवून राह्यली होती. मागं याडी दोरीवरचं लुगडं काढाले गेली, तिनं हात वर केला, अन् मले तिचा दंड दिसला. उघडा. कोपरापासून खांद्यापर्यंतचा तो पांढरा चुडा, जो मी जलमापासून तिच्या हातात पाहत आलो, तो नव्हता. मी फोन कापला अन् नेटवर्क गेलं म्हणून सांगतलं. रीता, आपल्या तांड्यात बाईचा चुडा कधी उतरते हे तुले सांगायची गरज नाही. काका गेला तेव्हा रुख्मिणीकाकीचा उतरवताना मी समोर उभा होतो. अन् बाहेरगावच्या पोराले खरं कोणी सांगत नाही, हेही माहीत आहे. काहीतरी निमित्त काढून बोलावतात, अन् पोरगा फाट्यावर उतरला की घ्यायले आलेल्याच्या तोंडावरून त्याले समजते. मी पक्कं धरलं की बा गेला, अन् गोळी हे तुमी काढलेलं निमित्त आहे.

दोन पाळ्या मी कशा केल्या ते मले आठवत नाही. शेवटी भाऊसिंगले फोन लावला. विचारलं काही नाही, नुसतं पाऊसपाणी काढलं. तर मागून बाचा आवाज. चहात साखर टाकली का नुसती दाखवली, म्हणून भाऊसिंगशी भांडून राह्यला होता. मी कानाले फोन लावून ऐकत राह्यलो. भाऊसिंग हॅलो हॅलो करत राह्यला.

पण त्यानं किडा निघाला नाही, उलटा मोठा झाला. बा जिता आहे तर याडीचा दंड उघडा काहून? अन् गोळी कशाची? मग माझा शक तुझ्यावर आला. मले वाटलं तुले काही लागण झाली, अन् ती मी इथून आणून तुले दिली असं तुमी सगळ्यांनी ठरवलं. परमुलखात एकटा राहणारा माणूस, काय करत असंल, कुठं जात असंल, असं तुमी अंगणात बसून बोलत असाल. म्हणून सरिताताईच्या समोर गोळी. त्या रागात मी आठवडाभर तुझा फोन उचलला नाही. तू किती वेळा लावला ते फोनात दिसत होतं, मी पाहायचो अन् पालथा ठेवायचो.

आपल्या तांड्यातला बबलू त्याच्या बहिणीच्या, चंदाच्या साखरपुड्याहून इथं कामावर परत आला तेव्हा मी त्याले कारखान्यामागं पाण्याच्या टाकीपाशी घेतलं. पयले त्यानं जेवणाचंच सांगतलं, बुंदी कशी होती, नवरदेवाचा मामा कसा रुसला. मी म्हटलं, याडीचा चुडा कुठं आहे ते सांग. मग तो खाली बसला. म्हणे, आधी बिडी दे.

सरिताताई घरोघरी अंग तपासत आली होती. याडीच्या चुड्याचं एक कडं तडकून दंडात घुसलं होतं, रक्त वाहून वाळलं, अन् याडीले पत्ताच नाही. ताईनं तेच धरलं. म्हणे नानीबाई, चुडा उतरवा. याडी म्हणे माझा माणूस जिता आहे. ताई म्हणे म्हणूनच उतरवा, त्याच्यासंग अजून भांडायचं आहे ना तुमाले. साबण लावून लावून उतरवला. खाली तळहाताएवढा फिकट चट्टा. लग्नापासून तो दंड कोणी पाह्यलाच नव्हता, अन् जे खाजत नाही, दुखत नाही, ते याडी दाखवंल तरी कोणाले. बबलू त्याले महारोग म्हणाला, मग स्वतःच म्हणे ताई कुष्ठरोग म्हणते, इतर रोगासारखा रोग आहे, गोळ्यांनी बरा होते. पण याडीनं ताट वेगळं केलं, खाट बकऱ्यांच्या गोठ्यात नेली. लघवी लाल झाली तर घाबरून गोळ्याच बंद केल्या, म्हणे ही बाई माझं रक्त आटवून राह्यली. ताई हसली, म्हणे गोळी लाल आहे तर पाणी लालच येईन. अन् बा, मी जिता असताना माझा चुडा उतरवला म्हणून घरात कोणाशी बोलत नाही, दिवसभर टपरीवर बसते. पण केनवडच्या बाजारातून त्यानं नवीन चुडा आणला अन् खुंटीवर टांगून ठेवला, कोणासाठी ते सांगत नाही.

मले काहून सांगतलं नाही, हेही बबलूनं सांगतलं. याडीनं तुले तिच्या गळ्याची शपथ घातली, की माझ्या खोलीतल्या पाच जणांनी ऐकलं तर माझं अंथरूण बाहेर फेकतील. तुमी मले सांभाळून राह्यले होते, अन् मी तुमच्यावरच शक घेऊन बसलो होतो. यापुढं याडीचं ऐकू नको, मले सांगत जा.

आता मी हे काहून लिहून राह्यलो ते सांगतो, याडीसमोर वाचू नको. बबलू म्हणाला, ज्याच्या अंगावर काही नाही त्याले ती एक गोळी, पुढं होऊ नये म्हणून. ज्याच्या अंगावर निघालं त्याले गोळ्यांचं पाकीट, बरेच महिने. ताई कशी तपासते ते मी त्याले करून दाखवाले लावलं. डोळे मिटले, त्यानं बॉलपेन टेकवला. दंडावर समजलं, अंगठ्यावर समजलं. मग मी वाट पाहत बसलो. म्हटलं टेकव ना. तो म्हणे केव्हाचा टेकवून राह्यलो. डोळे उघडले तर उजव्या करंगळीवर अन् तळव्याच्या त्या कडेवर निळे ठिपके, अन् ठिपक्यांखाली पोळल्याचे डाग, जे कधी पडले ते मले माहीत नाही. ज्या हातावर मी एवढी ऐट मारली, रीता, त्याले भट्टी समजतच नव्हती. म्हणून सरिताताईले सांग, एका गोळीनं माझं भागंल असं वाटत नाही, तिनं माझं अंग नीट तपासावं अन् पाकीट लागलं तर तयार ठेवावं. तू साफ निघाली असं बबलू म्हणते, तरी पुन्हा एकदा तपासून घे. कोणापासून कोणाले गेलं हे ताईलेही सांगता येत नाही म्हणे, तर घरातही कोणी ते काढायचं नाही. याडीची खाट गोठ्यातून अंगणात आण, ताट आपल्यासंग लाव. मुकादमाले सांगून मी पुढल्या आठवड्यात निघतो. फाट्यावर घ्यायले दुसरं कोणी येऊ नका, बालेच पाठव. आवाज ऐकला खरा, पण डोळ्यानं पाह्यल्याशिवाय माझा शक जाणार नाही.

तुझाच,
करण