अंगठ्याचा कागद

सोमवार, ११ ऑगस्ट
वस्तीवरून, ता. सांगोला

चि. प्रियंका हिला आईचा आशीर्वाद. हितं आमी सगळी धडधाकट हाय. अमृतच्या गालाचा माझ्या नावानं मुका घे, नुसता टेकवू नको, जोरात घे.

तू फोन उचलत न्हाईस, म्हणून कागद लिहायला बसले. चौदा दिस झाले. पिंकीच्या वहीतली चार पानं फाडलीत, ती तिच्या बापाकडं, तुझ्या काकाकडं, माझी तक्रार घेऊन गेलीय. जाऊ दे. तुझा आबा मेंढरं घेऊन तळ्याकडं गेलाय. म्या आज गेले न्हाय. आबानं विचारलं, "आज काय गं, पाय दुखतोय व्हय?" म्हणलं, व्हय, दुखतोय. पाय काय दुखत न्हाय.

पाऊस न्हाय. टँकर एक दिसाआड येतो. लंगडीला दोन कोकरं झाली, दोन्ही माद्या. काकाच्या डाळिंबाला फूल लागलंय, तो रोज फुलं मोजतो आणि रोज आकडा वेगळा सांगतो.

ही बातमी संपली. आता दुसरं.

बिरुदेव जावई शनवारी येऊन गेले. सोलापुरातनं दोन एस्ट्या बदलून आले, भाकरी खाल्ली, आणि पिशवीतनं टाइप केलेला कागद आणि शाईचा डबा काढला. म्हणाले, "मामी, ह्याच्यावर अंगठा द्या, प्रियंकाच्या नोकरीचं काम हाय. काय विशेष न्हाय." म्या म्हणलं, ठेवा, हात शेणाचा हाय, उद्या देते. हात शेणाचा न्हवता. जावई भला माणूस. म्हणाले, "मंगळवारी सकाळी येतो न्यायला, बुधवारी खुलासा द्यायचाय."

म्हंजी उद्या. कागद बिरोबाच्या फोटोमागं ठेवलाय. तीन दिस मी त्याच्याकडं बघतीय आणि तो माझ्याकडं.

(उठून आले. कोकरू दोरीत अडकलं हुतं.)

त्या कागदावर काय लिहिलंय ते मला कुणी वाचून दाखवलं न्हाय, प्रियंका. म्या वाचलं. जावई हात धुवायला गेले तवा पयल्यांदा वाचलं, मग तीन दिसात सात-आठ वेळा. "मी मायाक्का धुळा कोळेकर, वय बावन्न, लिहून देते की मी निरक्षर असून मला मोबाईल हाताळता येत नाही. माझ्या मुलीने प्रशिक्षण स्वतः पूर्ण केले आहे. मोबाईल माझ्या हाती असताना नजरचुकीने दुसरा व्हिडिओ पाठविला गेला." खाली चौकोन. चौकोनाखाली, "निशाणी, डावा अंगठा".

'निरक्षर' हा शब्द म्या दोनदा अडखळत वाचला. अर्थ लगीच कळला.

आता तू म्हणशील, आई, तुला वाचाया कवा आलं? म्हणशीलच. तुला ठाऊकच न्हाय. तू विचारलंच न्हाईस.

तू चैतात बाळंतपणाला आलीस. अमृत रातदिस रडायचा, तुझे डोळे आत गेलेले, आणि तुझ्या फोनवर घंटा. ट्रेनिंग पुरं करा, ट्रेनिंग पुरं करा. पयली-दुसरीच्या पोरांना वाचायला कसं शिकवायचं त्याचा कोर्स, सोळा भाग, मे संपायच्या आत. रजेवर असली तरी करायचंच, न्हाय केलं तर नाव लाल यादीत. वस्तीवर रेंज न्हाय. रेंज माळावर, पाण्याच्या टाकीजवळ. तूच म्हणालीस, "आई, तू मेंढरं घेऊन जातीसच की तितं. नुसतं चालू करून कनवटीला लाव. एक संपलं की दुसरं लाव. प्रश्न आले की कायबी दाब, चुकलं तर परत दाबता येतं."

म्या पयल्या दिशी कनवटीलाच लावलं. पण त्यातनं बाईचा आवाज यायला लागला. पोटापाशी कुणी बाई बोलतीय आणि आपण तिच्याकडं बघायचंबी न्हाय, हे मला जमंना. काढला फोन, टाकीच्या सावलीत बसले, बघितलं.

त्या बाई म्हणाल्या, पोराच्या घरात जे रोज दिसतं तितनं अक्षर सुरू करा. मी म्हणलं, व्हय की. त्या म्हणाल्या, पोरगं घरात जसं बोलतं तसं त्याला वर्गात बोलू द्या, त्याच्यावर हसू नका, तितनंच त्याला हळूहळू पुस्तकाच्या भाषेकडं न्या. मी फोन बंद केला. मेंढरं पांगली तरी उठले न्हाय.

मी दुसरीतनं शाळा सोडली ती मेंढरांपायी, असं तुला सांगत आले. मेंढरांपायी न्हाय. मास्तर विचारायचे, पाटी आणलीस का? मी म्हणायची, न्हाय. मास्तर म्हणायचे, 'न्हाय' नाही, 'नाही' म्हण. मी म्हणायची, न्हाय म्हणते की. मग छडी. वर्ग हसायचा. महिनाभर तेच. मग मेंढरं बरी वाटली. मेंढरं हसत न्हायत.

सोळाच्या सोळा भाग बघितले. काही दोनदा. प्रश्नाला कायबी दाबलं न्हाय, वाचून दाबलं. पयल्यांदा एका प्रश्नाला दोन मेंढरं पाणी पिऊन यायची एवढा वेळ लागायचा. दुसरीतलं अक्षर कुटंतरी खाली बसलेलं हुतं, ते वर आलं. जोडाक्षरं मात्र तितंच शिकले. माझ्याच नावात जोडाक्षर हाय, म्हणून जन्मभर सही आली न्हाय. बँकेत अंगठा, रेशनला अंगठा. तुला दहापैकी नऊ मार्क पडले, आठवतं? तू हसत म्हणालीस, "आई, तुझं बोट लई नशीबवान हाय!" मीबी हसले. तवाच सांगायला पायजे हुतं. तुझ्या मांडीवर बाळ झोपलेलं, तुझाबी डोळा लागत हुता. ऱ्हायलं.

आणि पिंकी. दुसरीत गेली तरी पोरीला दोन अक्षरं लावून वाचता येईनात. म्या गेरू कालवला आणि तीन मेंढ्या धरल्या. काळीच्या पाठीवर क, मोरीच्या पाठीवर म, लंगडीच्या पाठीवर ल. पिंकीच्याच हातानं. तिघी कुंडीवर पाण्याला ओळीनं उभ्या ऱ्हायल्या आणि पोरगी किंचाळली, "काकी, कमल! कमल पाणी पितीय!" तेवढ्यात लंगडी तिच्या स्वभावाप्रमाणं मोरीला ढकलून मधी घुसली. पिंकी म्हणाली, "आता कलम झालं!" तुझा आबा लांबनं ओरडला, "मेंढरांची हजेरी घेतीस का काय, मास्तरीण?" म्या फोन दगडाला टेकवून ते सगळं घेतलं. तुला दाखवायला घेतलं. आता पिंकी एस्टीची पाटी वाचती, खताच्या पोत्यावरचं वाचती, आबाच्या बिडीच्या पुड्यावरचा इशारा मोठ्यानं वाचती. आबानं बिडी लपवून ओढायला सुरू केलीय.

(भाकरी टाकून आले. दोन करपल्या.)

शेवटच्या भागात लिहिलेलं, आपण स्वतः घेतलेला पाठ पाठवा, पाच मिनिटांचा. तू म्हणालीस, "गॅलरीत माझा गेल्या वर्षीचा हाय, तो टाक, निळी साडी." म्या दुसराच टाकला. महिन्याभरानं तुमच्या शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर तुझं नाव आलं, आणि नावाखाली मी, डोक्यावर पदर, हातात काठी, आणि तीन मेंढरं. हॉल हसला म्हणं. कुणीतरी ते हसणंबी फोनवर घेतलं आणि तुमच्या ग्रुपवर फिरवलं. मग नोटीस, ट्रेनिंग नक्की कुणी केलं?

तू फोनवर म्हणालीस, "अंगठाबहाद्दर बाईनं कशाला हात लावायचा त्याला?" मी म्हणलं, बोट सरकलं गं.

बोट सरकलं न्हाय, प्रियंका.

आता लिहिलंच हाय तर पुरं लिहिते. म्या तुझा निळ्या साडीतला पाठ बघितला. एकदा न्हाय, पाचदा. वर्ग झकास सजवलाय. पोरं सगळी एका सुरात बोलत्यात. तू फोनकडं बघून शिकवतीस, पोरांकडं न्हाय. आणि मागं खिडकीपाशी एक पोरगी हाय, दोन वेण्या, रिबन चावती. तुझी शाळा अक्कलकोटच्या पल्याड, तूच सांगतीस की तितली पोरं घरी कानडी बोलत्यात. त्या पोरीला तू काय म्हणतीस त्यातलं एक अक्षर कळत न्हवतं. ती सगळ्यांच्या मागनं नुसतं तोंड हलवत हुती. पाच मिनिटांत तू तिच्याकडं एकदाबी बघितलं न्हाईस.

ती पोरगी मी हाय. रिबन सोडून.

मला राग आला. तुझा आला. जी बाई फोनमधनं घसा कोरडा करून सांगतीय ते तुझ्या त्या पोरीसाठीच सांगतीय, आणि तू म्हणतीस कनवटीला लाव. त्या रागात म्या मेंढरांचा पाठ दाबला. वाटलं, साहेब बघतील, तुला विचारतील, तूबी बघशील. नोटीस येईल हे डोक्यात आलं न्हाय. तेवढी अक्कल त्या सोळा भागांत न्हवती.

तुझं लेकरू पाच महिन्याचं, आणि तू खुलासा लिहीत बसलीस. हे म्या केलं.

आता राग आला असंल तर कागद खाली ठेव, बाळाला घे, मग पुढचं वाच.

तू सातवीत असताना मी एकदाच तुझ्या शाळेत आले हुते, पालकसभेला. रजिस्टरवर अंगठा दिला. पोरी हसल्या. बाहेर आल्यावर फ्रॉकच्या टोकाला थुंकी लावून माझा अंगठा पुसलास. घासून घासून पुसलास. मला वाटलं पोरीला आईची माया. घरी आल्यावर म्हणालीस, "पुढच्या सभेला आबाला पाठव." तवापास्नं आबाच गेला.

तीन दिस मनात हेच चाललंय. अंगठा देऊ नये. का द्यावा? उद्या जावयाला म्हणावं, राव, तुमच्या कागदात लबाडी हाय, मला वाचता येतं, बसा, वाचून दाखवते. मग साहेबासमोरबी वाचून दाखवावं. मग तुझं काय हुईल ते मला म्हाईत हाय. तू रातच्या रात दिव्याखाली अभ्यास करायचीस आणि सकाळी शेण काढून कॉलेजला जायचीस. ती नोकरी माझ्या एका सहीपायी घालवायची?

खोटं दोघींनी केलं. तू म्हणालीस कायबी दाब, म्या मुद्दाम दाबलं. निस्तरायला एकीचा अंगठा पुरतो.

आताच दिला. फोटोमागनं काढला, चौकोनात डावा अंगठा नीट दाबला. दुसरं बोट लागू दिलं न्हाय, ठसा अगदी साफ आलाय. आता त्या कागदाप्रमाणं मला वाचता येत न्हाय.

जावई कागद नेतील, त्याबरोबर अमृतसाठी बारकी घोंगडी देतीय, काळीच्या लोकरीची. हा कागद घोंगडीच्या घडीत घातलाय. वाचून झाला की चुलीत घाल. साहेबाच्या हाती लागला तर माझा अंगठा खोटा पडंल आणि तुझा खुलासाबी.

एकच सांगते, विनवणी न्हाय, सांगते. रजा संपायच्या आधी तो कोर्स बघ. सोळाच्या सोळा. तुझं नाव पुरं झालेल्यांत असलं तरी परत लावता येतो, खाली गोल बाण हाय, तो दाब. सातवा भाग आधी बघ, त्यात घरची भाषा येती. मग शाळेत गेलीस की खिडकीपाशी जा. त्या पोरीला विचार, तुझ्या घरात मेंढराला काय म्हणत्यात? ती सांगंल ते फळ्यावर लिही. मग मला फोन कर, न्हाय केलास तरी चालंल. पण तिला विचार.

डाव्या अंगठ्याची शाई अजून ओली हाय. कागदाच्या कोपऱ्याला लागलीय, दिसंल. पुसायला आज कुणी न्हाय, आणि मलाबी पुसायचा न्हाय.

जाळायच्या आधी खालची सही तेवढी बघ. उजव्या हातानं केलीय. 'क्का' एका झटक्यात जोडलाय.

तुझी आई,
मायाक्का धुळा कोळेकर